तेलाचा डाग

आमच्या दौलतगंजच्या वाड्यातल्या पागेत शेवटचा घोडा कधी होता हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. शेवटची कोंबडी कधी होती ते मात्र मी सांगू शकतो. २००४ सालच्या एप्रिलची अखेर होती. पहाटे चार खणांतले चार बल्ब उतरवले, तूस पोत्यांत भरलं, आणि आत्या म्हणाली, "आता फरशी दोनदा धू आणि गोमूत्र शिंपड. नाहीतर तुझी आई मला आज जेवायला वाढायची नाही."

आई खरंच वाढली नसती. घर शाकाहारी, वाडा शाकाहारी, गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं शाकाहारी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती पुढे उठलीच नाही, तंबूंचं शहर झालं. म्हणून ग्वाल्हेर हे नाव पत्त्यावर लिहायचं आणि तोंडी म्हणायचं लश्कर. त्या छावणीबरोबर जी मराठी घरं इकडे आली त्यांतलं आमचं एक. पूर्वजांचं शौर्य मी ऐकलंय तेवढं कागदोपत्री सापडलेलं नाही. पागा मात्र खरी आहे: दोन हात जाडीच्या भिंती, वर बोटभर झरोके, आणि दगडी आडभिंतींनी पाडलेले चार खण. दुपारी बारालाही आत कंदील लागतो. ह्याच अंधारासाठी आत्यानं ती निवडली.

माझी गोष्ट साधी आहे. वडिलांची मिल बंद पडली, मी बी.कॉम. होऊन घरी बसलो, दोन धंदे करून पाहिले, दोन्ही बुडाले. २००२ मध्ये झाशी रोडवर डबऱ्याच्या बाजूला एक शेड भाड्यानं घेतली. डबऱ्याकडे भात पिकतो, गिरण्यांवर तूस स्वस्त मिळतं, आणि ब्रॉयलरच्या पिल्लाला अंगाखाली तूस लागतं. माझं एकूण व्यवसायज्ञान एवढंच. बाकीचं पिल्लं पुरवणाऱ्या एजंटानं शिकवलं. त्यातला पहिला धडा असा: बल्ब चोवीस तास चालू ठेवायचा. उजेड असेल तर पिल्लू खाणार, खाईल तर वाढणार, वाढेल तर लवकर विकलं जाणार. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत पावणेदोन-दोन किलोचं करायचं, त्यात झोपेला जागा कुठली?

जानेवारी २००४. पंधराशे पिल्लांचा लॉट, वय नऊ दिवस. ग्वाल्हेरची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण जानेवारीत रात्रीचा पारा दोन-तीनवर येतो. पडदे सोडलेले, बल्ब पेटलेले. रात्री दीडच्या सुमाराला लाईट गेली. त्या वर्षांत आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नव्हती, लाईट असणं ही होती. जनरेटर माझ्याकडे नव्हता. कंदील शोधून आत जाईपर्यंत पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. हातानं उपसून काढली. खालच्या थरातली ऊबदार होती आणि मेलेली होती. दोनशे बारा मोजली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा कुणी काही बोललं नाही. आई तर मनातून म्हणत असणार की बरं झालं, हा नाद सुटेल. आत्या वरच्या मजल्यावरून खाली आली. तिनं लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत तीस-एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. शिकवायची हिंदीत, रागवायची मराठीत. तिनं सांत्वन केलं नाही. एवढंच विचारलं, "थंडीनं मेली की अंधारानं?"

मी म्हटलं, "दोन्ही. बल्ब गेला की ऊबही गेली आणि उजेडही गेला."

"म्हणजे तुला ठाऊक नाही."

त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. पुढची सगळी वर्षं मी ज्या माणसाचं देणं फेडतोय, त्याच्या पहिल्या वाक्याचा मला राग आला होता, हे नोंदवलेलं बरं.

तिचं म्हणणं असं की दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा हे कळत नाही. चार दिवसांनी तिनं मला विचारायला लावलं. मी गेलो एका पशुवैद्याकडे. महूच्या कॉलेजात शिकलेले, बोलायला फटकळ, पण कपाटात झेरॉक्सचे गठ्ठे बाळगणारे. त्यांनी सांगितलं की दोन्ही कारणं खरी, पण अंधाराचं कारण आपण स्वतः तयार केलेलं असतं. ज्या पिल्लानं जन्मल्यापासून अंधार पाहिलाच नाही ते पहिल्या अंधाराला घाबरतं. म्हणूनच जुने जाणते चोवीसऐवजी तेवीस तास उजेड देतात. एक तास अंधाराची सवय लावतात, लाईट गेली तर लॉट चेंगरू नये म्हणून. "आणि खरं सांगू का," ते म्हणाले, "तो एक तासही कमीच आहे. पाय बघितलेत तुमच्या कोंबड्यांचे?"

पाहिले होते. पाचव्या आठवड्यात काही पक्षी दोन पावलं टाकून बसायचे, पंखांचा टेकू देत फीडरपर्यंत सरकायचे. मला वाटायचं वजन भरलंय, छान. डॉक्टरांनी सांगितलं की ब्रिस्टलमध्ये १९९२ साली संशोधकांनी ब्रॉयलरच्या चालीला शून्य ते पाच असे गुण द्यायची पद्धत बसवली. शून्य म्हणजे ठणठणीत चाल, पाच म्हणजे उभंच राहता येत नाही. शाळेत शून्य मिळालेलं पोर आणि शेडमध्ये शून्य मिळालेली कोंबडी, दोघांची किंमत उलटी. छाती झपाट्यानं भरते, हाडाला तेवढा वेळ मिळत नाही. सलग अंधार मिळाला तर सुरुवातीला पक्षी थोडं कमी खातो, मागे पडल्यासारखा वाटतो, पण पुढे बरीच तूट भरून काढतो. पाय धरतो, आणि उताणं पडून अचानक मरण्याचं प्रमाण उतरतं. अंधारात मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन सुटतं आणि शरीर आपली रात्र ओळखतं. युरोपीय संघानं पुढे २००७ मध्ये हे कायद्यातच घातलं: चोवीस तासांत सहा तास अंधार, त्यातले चार सलग, आणि उजेड असेल तेव्हा किमान वीस लक्स. आमच्याकडे ते कुणी सांगायच्या आधी आत्यानं घातलं. रात्री अकराला बंद, पहाटे पाचला चालू. हा तिचा स्वतःचा झोपायचा-उठायचा वेळ होता. "माणसाला पुरतं तेवढं कोंबडीला पुरेल," ती म्हणाली. ह्यात शास्त्र काही नव्हतं, पण आकडा बरोबर निघाला.

रंगाचा विषय त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून आला.

इस्राएलमधल्या हिब्रू विद्यापीठात रोझेनबोइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात एकेका रंगाच्या उजेडात ब्रॉयलर वाढवून पाहिले होते. हिरव्या उजेडात लहान पिल्लांची वाढ पुढे जाते, पुढच्या वयात निळ्याचा फायदा दिसतो. स्नायूंत ज्या राखीव पेशी असतात त्या हिरव्या उजेडात पहिल्या दिवसांत जास्त वाढतात, असं त्यांना आढळलं. पहिले दहा दिवस हिरवा आणि मग निळा, असा बदल करूनही त्यांनी पुढे पाहिलं. ब्रिटनमधून १९९७ साली आलेला एक निबंध वेगळं सांगत होता. लाल उजेडात पक्षी जास्त चालतात, चोची मारतात, पंख ताणतात. निळ्या-हिरव्यात बसून राहतात. आणि सुरुवातीच्या वयात झगझगीत लाल दिला, हालचाल वाढली, तर पुढे पायांचे दोष कमी दिसतात. म्हणजे वाढ हवी तर एक रंग, पाय हवे तर दुसरा. डॉक्टरांनी दोन्ही निबंध माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बहनजींना द्या. तुम्ही नुसते बल्ब घेऊन पळाल."

मी पळणारच होतो. आत्यानं थांबवलं.

ती चार दिवस ते इंग्रजी निबंध शिसपेन्सिलीनं रेघा मारत वाचत बसली. एका दुपारी मला हाक मारली आणि विचारलं, "कोंबडीला काय दिसतं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे आपण हिरवा म्हणतो तो तिला हिरवा दिसतो का?"

त्याचं उत्तर झेरॉक्समध्ये अर्धंमुर्धं होतं, उरलेलं तिनं डॉक्टरांना भंडावून मिळवलं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. कोंबडीच्या डोळ्यात चार, शिवाय हालचाल टिपणाऱ्या जोडशंकूंचा आणखी एक प्रकार. आपल्याला जांभळ्याच्या पुढे काळोख आहे. तिथे तिला अतिनील दिसतो. शंकूंच्या तोंडाशी तेलाचा एकेक सूक्ष्म थेंब असतो, बहुतेकांत रंगीत, गाळणीसारखा. आणि डोळ्यांवरच भागत नाही. फ्रान्समध्ये जाक बेन्वा नावाच्या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात बदकांवर दाखवून दिलं होतं की डोळ्यांची वाट तोडली तरी पक्ष्याला उजेड कळतो, कारण तो कवटीतून थेट मेंदूत उतरतो. लांब लहरींचा लाल उजेड हाडामांसातून जास्त आत जातो, म्हणून अंड्यावर यायच्या कोंबडीला लाल चेतवतो. ब्रॉयलर त्या वयाचा होतच नाही. हे ऐकून आत्या बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तीस वर्षं मी पोरींना शिकवलं की आपण डोळ्यांनी पाहतो. कुणी विचारलंच नाही की आणखी कशानं पाहतात का."

शेडमध्ये प्रयोग करायला तिनं साफ नकार दिला. चारी बाजूंनी जाळी, दिवसभर ऊन. तिथे हिरवा बल्ब लावणं म्हणजे दुपारी देवापुढे निरांजन लावून घर उजळलं म्हणण्यासारखं. हे मी आजही लोकांना सांगतो. अलीकडे लहान शेतकऱ्यांना उघड्या शेडसाठी हिरव्या-निळ्या एलईडीचे महागडे संच विकणारे फिरतात. बंदिस्त, पंखे आणि पॅड लावलेल्या शेडमध्ये रंगाचा विचार जरूर करा. आपल्या जाळीच्या शेडमध्ये दिवसभर सूर्याचंच राज्य असतं. रंगाला जागा फक्त रात्री आणि पडदे सोडलेल्या पहिल्या आठवड्यात. एवढ्यासाठी कर्ज काढू नये.

तर पागा. होळी उलटली होती, दिवसाची ऊब होती, सगड्यांची गरज कमी. चार खण: साधा, लाल, हिरवा, निळा. मी तीनच म्हणत होतो. "आणि साधा कुठाय? कशाशी ताडून बघणार?" असं म्हणून तिनं चौथा घातला. शंभर पिल्लं मागवली. शंभरावर दोन जास्त द्यायची हॅचरीवाल्यांची रीत असते, तशी एकशे दोन आली. त्या दोघांना आत्यानं खणांत येऊ दिलं नाही, पंचवीसचा मेळ बिघडतो म्हणून. ती अंगणात उलट्या टोपलीखाली राहिली. वहीत त्यांचं नाव: राखीव दोन.

बल्ब आणले लाईटवाल्या चाचांकडून. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. गणपती असोत, ताजिये असोत, लग्नं असोत, आमच्या भागातली झगमग त्यांच्याच पेट्यांतून निघायची. रंगीत बल्ब भाड्यानं मागितले तर त्यांना वाटलं घरात कार्य आहे. कोंबड्यांसाठी म्हटल्यावर ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग आत्याचं नाव ऐकून वही उघडली, आमच्या नावावर सामान लिहिलं आणि दराचा रकाना कोरा सोडला. "मेरी बच्ची को बहनजी ने पढ़ाया है," म्हणाले. मी पैसे पुढे केले ते त्यांनी बघितलेच नाहीत. ते म्हणाले, "मुर्गियाँ बड़ी हों तो बताना, नीला कागज़ भी दूँगा." त्या निळ्या कागदाकडे नंतर येतो.

आत्या पिल्लं वाटायला बसली. मी टोपलीतून काढून देत होतो. दहा-बारा झाल्यावर तिनं माझा हात धरला. "हिरव्यात टपोरी टपोरी टाकतोयस." माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, आलंही होतं. सगळी परत टोपलीत घालायला लावली. मग डोळे मिटून एकेक काढायचं आणि पत्ते वाटावेत तसं एक ह्या खणात, एक त्या खणात. बहात्तर वर्षांची बाई दारात स्टुलावर बसून "साधा, लाल, हिरवा, निळा" असं पंचवीस वेळा म्हणत होती. वरून आईची जपमाळ आणि खालून हे. वाड्यात त्या दिवशी दोन नामस्मरणं झाली.

पण खरी अडचण पुढे. निळा बल्ब फारच मंद. तारेच्या बल्बात निळा अंश मुळातच थोडा. निळी काच बाकीचा सगळा गाळून टाकते आणि हातात कणभर ठेवते. आत्या म्हणाली की आता निळ्या खणात पिल्लं शांत बसली तर ती निळ्यानं बसली की अंधुकपणानं, हे कसं सांगणार? लक्समीटर आम्ही पाहिलेलाही नव्हता. तिनं एक पोस्टकार्ड घेतलं, मधोमध खोबरेल तेलाचा थेंब टाकला आणि पुसला. तेलकट डागातून उजेड आरपार जातो. कार्डाच्या एका बाजूला एक दिवा, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन्हींकडून सारखा उजेड पडला की डाग मावळतो, दिसेनासा होतो. शाळेत बुन्सेनचा फोटोमीटर म्हणून शिकवतात तो हाच. तीस वर्षं तिनं तो दोन मेणबत्त्यांवर करून दाखवला होता, आता कोंबड्यांसाठी केला. बल्ब दोरीनं वर-खाली सरकवत, कार्ड डोळ्यांशी धरून, ती दोन संध्याकाळी त्या पागेत उभी होती. साधा आढ्याशी गेला, लाल थोडा खाली, हिरवा त्याच्या खाली, आणि निळा इतका खाली आला की आत शिरताना माझ्या कपाळाला लागायचा.

वहीत तिनं लिहिलं: 'रंग वेगळे असल्याने डाग पूर्ण मावळत नाही. अंदाजे.' आणि त्याखाली, वेगळ्या ओळीवर: 'हे माझ्या डोळ्याला सारखे. त्यांच्या डोळ्याला?'

ती दुसरी ओळ मी तेव्हा वाचून सोडून दिली होती. पुष्कळ वर्षांनी कळलं की जगभरचे ह्या विषयातले लोक नेमके तिथेच अडतात. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. कोंबडीला निळ्याकडचा आणि लालकडचा उजेड आपल्यापेक्षा अधिक प्रखर दिसतो, म्हणजे लक्समीटर सारखा आकडा दाखवत असताना तिला चारही खण वेगवेगळ्या उजेडाचे वाटत असतात. आता पक्ष्यांच्या डोळ्याप्रमाणे दुरुस्त केलेली मापं वापरतात. आमच्याकडे होतं एक पोस्टकार्ड.

चाळीस दिवस वाड्यानं सोसलं. वासाबद्दल शेजारच्या काकूंनी आत्याला अंगणातच गाठलं. "तुम्ही अंडंसुद्धा शिवत नाही आणि हे काय वय झाल्यावर?" आत्या म्हणाली, "मी त्यांना खात नाही, मारतही नाही. मी फक्त रात्री दिवा मालवते." काकूंना हे उत्तर पटलं नाही. मलाही तेव्हा ते पळवाट वाटलं होतं.

जे दिसलं ते सांगतो. लाल खणात सतत खुडबूड. कुणी चालतंय, कुणी तूस उकरतंय, कुणी शेजाऱ्याच्या शेपटीला चोच मारतंय. निळ्या खणात पोटं टेकून बसलेली पंगत. हिरव्यात खाणं निवांत. दर रविवारी मी वजन करायचो, आत्या लिहायची. तिसऱ्या रविवारी हिरवी पिल्लं साध्यांपेक्षा किंचित पुढे निघाली आणि मी उडीच मारली. तिनं चष्मा काढला. "एकाच खणातल्या सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड पिल्लात किती फरक?" बराच होता. "आणि दोन खणांच्या सरासरीत?" अगदी थोडा. "मग? त्यात नर किती, माद्या किती, हे बघितलं होतंस?" नव्हतं बघितलं. नर जास्त भरतो हे माझ्यासारख्या कोंबडीवाल्याला ठाऊक असायला हवं होतं, आणि तिलाही वाटताना सुचलं नव्हतं. तिनं वहीत दोघांच्या नावानं ती चूक लिहिली. शेवटच्या पानावर निष्कर्ष म्हणून एकच वाक्य आहे: 'पंचवीसांवरून बोलू नये.'

तरीही माझी शेड त्या वहीनं बदलली. सहा तास अंधार कायमचा आला. पडद्यातल्या पहिल्या आठवड्यात उजेड भरपूर, पिल्लं चालती ठेवायची, पुढे मंद. बल्ब हळूहळू मालवायचा, एकदम नाही, म्हणजे पिल्लांना बसायला जागा शोधता येते. आणि पुढच्या वर्षीही लाईट जायचीच, पण पिल्लं आपापल्या जागी बसून राहायची. त्यांना वाटायचं रात्र झाली.

चाचांचा निळा कागद पक्षी उचलायच्या रात्री कामाला आला. गाडी येते मध्यरात्रीनंतर, पकडणारी पोरं एकेका हातात चार-पाच पक्षी पायांनी धरतात, क्रेटमध्ये कोंबतात. पक्षी बिथरले की पंख मोडतात, छातीवर काळेनिळे डाग येतात, व्यापारी भाव पाडतो. मंद निळ्या उजेडात माणसाला काम करण्यापुरतं दिसतं आणि कोंबडी मात्र बसून राहते. बाहेर हे जुनंच माहीत आहे. चाचांना ते कुठून ठाऊक होतं देव जाणे. मी विचारलं तर म्हणाले, लग्नात नीळ लावली की रडणारी लेकरं गप्प होतात. शेडमधले बल्ब जिलेटिनच्या निळ्या कागदात गुंडाळले त्या रात्री पकडणाऱ्यांचा म्होरक्या मला म्हणाला, "आज क्या पिलाया है इनको?"

राखीव दोन मात्र सगळ्यांत बळकट निघाल्या. अंगणातला दिवस, अंगणातली रात्र, पळायला मोकळी जागा. वजनाला हलक्या, पण तुळशीवृंदावनावर उडून बसायच्या. आत्यानं त्यांच्या पानावर ठळक लिहिलं होतं, 'तुलनेत धरू नये', आणि खाली रोजच्या नोंदी मात्र इतरांपेक्षा जास्त केल्या होत्या. एप्रिल संपला तेव्हा त्याही गेल्या. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

इथे खरं तर संपायला हवं होतं. पण २००७ च्या थंडीत आत्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी ती गच्चीवर उभी राहून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. मी घाबरलो. ती म्हणाली, "ह्या डोळ्यानं भिंत पांढरी. त्या डोळ्यानं पिवळट, चहाच्या पाण्यातून बघावी तशी. आणि आकाश, अरे, आकाश किती निळं आहे." म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड आतल्या आत अडवतं, ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा परत येतो. माणसाच्या लक्षात येत नाही, कारण तो वर्षांवर्षांनी, चिमूट चिमूट गेलेला असतो.

ती हे आनंदानं सांगत होती. सांगता सांगता थांबली.

"वही आण."

मी आणली. तिनं तेलाच्या डागाचं पान काढलं. तिच्या त्या दोन पिवळ्या डोळ्यांना निळा होता त्याहून मंद दिसला होता, म्हणून तिनं बल्ब नको तेवढा खाली आणला होता. माझ्या कपाळाला लागायचा तो. म्हणजे निळ्या खणाला इतरांपेक्षा जास्त उजेड मिळाला, आणि तरी पिल्लं बसून राहिली. किंवा जास्त मिळाला म्हणूनच वेगळं काही झालं. तिनं लाल शाईनं समासात लिहिलं: 'मापन सदोष. निरीक्षकाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.' तारीख घातली, सही केली. डॉक्टरांनी दरम्यान एका मेळाव्यात आमच्या पागेचा दाखला दिला होता. त्यांना चिठ्ठी पाठवायला लावली. मी म्हटलं, "आत्या, तीन वर्षं होत आली. कुणाला आठवतंय?" तिनं माझ्याकडे नव्या डोळ्यानं पाहिलं. चिठ्ठी मीच नेऊन दिली. डॉक्टरांनी ती वाचली, घडी घातली आणि त्या इस्राएलच्या झेरॉक्सच्या आत ठेवली.

२०१४ साली निळ्या एलईडीसाठी तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं तेव्हा आत्या जाऊन तीन वर्षं झाली होती. आता माझ्या शेडमध्ये एलईडी आहेत, मालवायचा डिमर आहे, जनरेटर आहे. चाचाही नाहीत, दुकानात मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो. मागच्या दिवाळीत मी त्या बल्बांचे पैसे द्यायला गेलो. त्यानं माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या, आमचं पान सापडलं, सामान लिहिलेलं, दर कोरा. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "भाईसाहब, रेट ही नहीं लिखा, क्या लूँ?" आणि मग, "आज मुर्गी क्या भाव है?"

ऑपरेशननंतरच्या त्या संध्याकाळी आत्यानं रिकाम्या पागेत चारही बल्ब पुन्हा टांगायला लावले होते. नवं पोस्टकार्ड, खोबरेल तेलाचा थेंब. उजवा डोळा तळहातानं झाकून ती उभी राहिली. मी दोरी सोडत गेलो. "वर. अजून वर. अजून." निळा बल्ब माझ्या कपाळावरून उठून डोक्याच्या वर गेला, तिथून हातभर आणखी. "बस," ती म्हणाली. मी दोरी खुंटीला बांधली.